घरचा पडदा : ४के डिस्क आणि तिच्यावरचं चित्र

प्रश्न : ऐंशीच्या दशकातल्या एका हॉलिवूडपटाची ४के डिस्क घेतली. आभाळात आणि भिंतींवर सतत मुंग्या फिरताना दिसतात. माझ्याकडची जुनी ब्ल्यू-रे याहून स्वच्छ वाटते. डिस्क बदलून मागू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बदलू नका. बहुधा तुम्हाला दिसतोय तो फिल्मचा ग्रेन. फिल्मच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि तिच्या जागी रंगाचे बारीक ठिपके उरतात. चेहऱ्यावरची सुरकुती, कापडाची वीण हे सगळं त्याच ठिपक्यांनी बनलेलं असतं. त्यामुळे ग्रेन पुसायला गेलं की बारकावाही पुसला जातो. अनेक जुन्या ब्ल्यू-रेंची ‘स्वच्छता’ अशीच मिळवलेली आहे : नॉईज रिडक्शन (ठिपके पुसणारी प्रक्रिया) चढवायचं आणि चित्र मऊ पडलं की कडा कृत्रिमपणे धारदार करायच्या. मग नटांचे चेहरे मेणाच्या पुतळ्यांसारखे दिसू लागतात.

४के डिस्कवरही हे घडतं. २०१७ची ‘टर्मिनेटर २’ची डिस्क त्याच कारणाने बदनाम झाली. २०२४ मध्ये आलेल्या ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’ यांच्या मास्टरवर (ज्या मूळ डिजिटल प्रतीवरून डिस्क बनते तिच्यावर) एआयच्या मदतीने प्रक्रिया केली होती. ‘ट्रू लाइज’मध्ये काही ठिकाणी केस आणि कातडी अनैसर्गिक दिसते. आमच्या मते हा चित्रपटावर अन्याय आहे, कारण दिग्दर्शकाची संमती असली तरी कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र ते नव्हे.

ग्रेन आणि दोष यांतला फरक असा ओळखा. टीव्हीपासून तीन-चार फुटांवर जाऊन चित्र थांबवा. ग्रेन बारीक, अनियमित आणि संपूर्ण चौकटीत पसरलेला असतो. पुढच्या फ्रेमला त्याची मांडणी पूर्ण बदलते. धुरात, धुक्यात किंवा संध्याकाळच्या आभाळात चौकोनी ठोकळे दिसले तर तो कॉम्प्रेशनचा (माहिती दाबून साठवण्याचा) दोष. कॅमेरा सरकतो आहे आणि ठिपके मात्र काचेवर चिकटल्यासारखे जागीच आहेत, असं दिसलं तर ग्रेन नीट एन्कोड झालेला नाही किंवा पुसताना अर्धवट राहिलेला आहे. माणसाच्या आकृतीभोवती पांढरी रेघ असेल तर आधी टीव्हीचा शार्पनेस तपासा. बऱ्याच टीव्हींवर तो शून्याकडे नेल्यावर रेघ जाते (सोनीसारख्या काही कंपन्यांत तटस्थ आकडा मधला असतो). तेवढं करूनही रेघ राहिली, तर ती मास्टरमधलीच आहे.

‘नॉईज रिडक्शन’, ‘डिजिटल क्लीन व्ह्यू’, ‘मोशन स्मूदिंग’ बंद करा. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर हे बहुतेक एका फटक्यात होतं.

प्रश्न : एचडीआर डिस्क लावली की चित्र अंधारं होतं. साध्या ब्ल्यू-रेला असं होत नाही. टीव्ही गेल्याच वर्षी घेतलेला, ५५ इंची आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र. साध्या (एसडीआर) चित्रात ‘पांढरं’ म्हणजे किती उजेड, हे तुमचा टीव्ही ठरवतो. दिवसा त्याला वाढवलंत की सगळंच उजळतं. एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन हे एचडीआरचे प्रकार ज्या पीक्यू वक्रावर (आकड्यावरून उजेड ठरवणाऱ्या नियमावर) चालतात, त्यात प्रत्येक आकड्याला ठरावीक निट्स (उजेडाचं एकक) बांधलेले असतात, कमाल १०,००० पर्यंत. रंगतज्ज्ञाने अंधाऱ्या खोलीत बसून चेहरा ४० निट्सवर ठेवला असेल, तर टीव्हीनेही तेवढाच दाखवायचा, अशी अपेक्षा असते. थिएटरच्या साध्या प्रोजेक्शनमध्ये पांढऱ्याचं प्रमाण साधारण ४८ निट्स असतं, त्यामुळे मास्टरिंगच्या खोलीत ते अजिबात अंधारं वाटत नाही. दुपारी दोन वाजता गॅलरीचं दार उघडं असेल तर वाटणारच.

दुसरी अडचण टीव्हीच्या ताकदीची. मास्टर १,००० किंवा ४,००० निट्सच्या मॉनिटरवर केलेला असतो. स्वस्त एलईडी टीव्ही ३००-३५० निट्सवर थांबतो. वरचा सगळा उजेड त्याला दाबून बसवावा लागतो, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. एचडीआर१० मध्ये अख्ख्या चित्रपटासाठी कमाल उजेडाची एकच माहिती टीव्हीला मिळते. कुठल्या तरी एका स्फोटाच्या दृश्यामुळे ती ४,००० लिहिलेली असेल, तर काही टीव्ही पूर्ण चित्रपटच दाबतात. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ दृश्यागणिक माहिती देतात. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, हे लक्षात असू द्या.

उपाय याच क्रमाने करा. ऊर्जाबचत आणि उजेडाचा सेन्सर बंद करा. एचडीआर सुरू असताना बॅकलाइट कमाल हवा. हे सेटिंग एसडीआरपासून वेगळं साठवलं जातं. ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ चालू करून पाहा. डॉल्बी व्हिजनमध्ये दिवसा ‘ब्राइट’, रात्री ‘डार्क’ निवडा. पॅनासॉनिकच्या यूबी८२० सारख्या प्लेअरमध्ये एचडीआर ऑप्टिमायझर आहे, तो प्लेअरमध्येच उजेड नीट दाबून टीव्हीकडे पाठवतो. कमी ताकदीच्या टीव्हीला याने खरोखर फरक पडतो.

चित्र अंधारं नसून फिकट, धुतल्यासारखं असेल तर दोष वेगळा. टीव्हीच्या त्या एचडीएमआय पोर्टची वाढीव क्षमता मेनूतून चालू करावी लागते : सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, एलजीत ‘डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’.

प्रश्न : मूळ मास्टर २के असेल तर ४के डिस्क घेण्यात अर्थ आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : अनेकदा आहे. २००० नंतरची कित्येक वर्षं फिल्मवर चित्रित झालेले चित्रपटही २०४८ पिक्सेल रुंदीच्या, म्हणजे २के, डिजिटल मास्टरवर पूर्ण केले जात. तिथे तपशील थोडाच वाढतो. पण १०-बिट रंग (रंगांच्या जास्त बारीक छटा), एचडीआर आणि मोकळा बिटरेट (सेकंदाला मिळणारी माहिती) यांचा फायदा मिळतो. आभाळातले रंगाचे पट्टे कमी होतात. बिटरेटचा हिशेब घरी करता येतो. ६६ जीबीच्या डिस्कवर चित्रपटाला ६० जीबी मिळाले, तर दोन तासांच्या चित्रपटाला आवाजासकट सेकंदाला सरासरी सुमारे ६७ मेगाबिट पडतात. तीन तासांचा असेल तर ४४. म्हणून लांब आणि ग्रेनदार चित्रपट १०० जीबीच्या डिस्कवर आहे का, ते बघून घ्या.

प्रश्न : जुने भारतीय चित्रपट ‘४के रिस्टोअर्ड’ म्हणून येतात, पण काही अगदी गढूळ दिसतात. असं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : कशावरून स्कॅन केलं, यावर सगळं ठरतं. सर्वांत जास्त तपशील कॅमेरा निगेटिव्हमध्ये (चित्रीकरणाच्या मूळ फिल्ममध्ये) असतो. मग एकावरून एक नकला निघतात : त्यावरून इंटरपॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीला धार कमी होते आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. प्रिंटवरून केलेलं ४के स्कॅन म्हणजे प्रिंटचेच दोष मोठ्या आकारात. आपल्याकडच्या दमट हवेत ॲसिटेट फिल्मला व्हिनेगर सिंड्रोम लवकर लागतो : आंबट वास येतो, फिल्म आकसते, वेटोळी एकमेकांना चिकटतात. ‘शोले’चं (१९७५) मूळ निगेटिव्ह असंच खराब झालं होतं. फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने ब्रिटनमध्ये सापडलेल्या इंटरपॉझिटिव्ह व कलर रिव्हर्सल प्रती (निगेटिव्हवरून थेट काढलेल्या निगेटिव्ह नकला) आणि १९७८चा आणखी एक इंटरपॉझिटिव्ह वापरून तो ४के मध्ये उभा केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला. वेष्टनावर स्कॅन कशावरून केलं ते लिहिलेलं असेल, तरच ‘४के’ या शिक्क्याला किंमत द्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीहून आई-वडिलांसाठी डिस्क पाठवतो. एक डिस्क दीड तासानंतर अडकते, दुसऱ्या पाकिटातली ब्ल्यू-रे लागतच नाही. – एक वाचक

उत्तर : ४के डिस्कला रीजन (जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारं कुलूप) नसतो. तिच्यासोबत पाकिटात येणाऱ्या ब्ल्यू-रेला मात्र असू शकतो. अमेरिकेचा ए, भारताचा सी. इथल्या प्लेअरवर रीजन ए लागणार नाही, तेव्हा त्यांना फक्त ४के डिस्क लावायला सांगा.

अडकण्याचं कारण बहुधा थर. १०० जीबीच्या डिस्कमध्ये माहितीचे तीन थर असतात आणि थर बदलताना लेझरला नव्याने फोकस करावा लागतो. बोटाचा तेलकट ठसाही तेवढ्याला पुरतो. मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसायला सांगा, गोल फिरवून नाही. मग प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. तरीही नेमक्या त्याच मिनिटाला अडकली तर दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. तिथेही अडकली तर डिस्कच सदोष आहे. परत करण्याची मुदत संपण्याआधी विक्रेत्याला कळवा. यापुढे पाठवण्याआधी ती डिस्क तिकडे शेवटपर्यंत एकदा चालवून घ्या.