वादविवादात समोरच्याचा मुद्दा आपणच आधी मांडावा का?

हो, मांडा, पण त्याच दमात खोडाही. नुसता उल्लेख करून पुढे गेलात तर तो मुद्दा त्यांच्याच खात्यात जमा होतो. न्याय आणि मीमांसा या प्राचीन भारतीय दर्शनांच्या ग्रंथांत हीच रीत आहे: आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग खंडन, मग सिद्धान्त म्हणजे आपला निष्कर्ष. श्रोत्याच्या मनात शंका आलेलीच असते. ती तुम्ही बोलून दाखवलीत की तो पुढचं मोकळेपणाने ऐकतो. पाच मिनिटांच्या भाषणात याला पाऊण मिनिट पुरे, आणि मुद्दा एकच घ्या, त्यांचा सर्वांत भक्कम. समजा तुम्ही शाळेतल्या मोबाइलबंदीच्या बाजूने बोलताय. 'मुलांना मोबाइलचं वेड लागलंय, म्हणून बंदी नको म्हणतात' हा पूर्वपक्ष नव्हे, ती खिल्ली झाली, आणि परीक्षकांच्या ते लगेच लक्षात येतं. त्याऐवजी 'शाळा सुटायला उशीर झाला तर घरी कळवायचं कसं?' असं विचारा, अगदी त्यांनीच विचारावं तसं, आणि लगेच शाळेच्या कार्यालयातल्या फोनकडे बोट दाखवा. मात्र पुरतं उत्तर नसेल तिथे खंडनाचा आव आणू नका. 'एवढं मान्य' म्हणा आणि तरीही तुमची बाजू जड का, ते सांगा.