पहिल्या नंबरच्या गाईसाठी एफडी मोडावी का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तालुक्याच्या प्रदर्शनात पहिली आलेली, दुसऱ्या वेताची, म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय. मालक १,६०,००० मागतोय. तेवढंच दूध देणारी, त्याच वेताची दुसरी गाय तुम्ही लोणी गावच्या गुरांच्या बाजारात १,१०,००० ला पाहून आलात. घरात एकच एफडी, २,००,००० ची. ती मोडू का, हा तुमचा प्रश्न.

१,६०,००० साठी मोडू नका. १,३५,००० पर्यंत सौदा उतरला, तर विचार करा.

दूध दोघींचं सारखंच, म्हणजे वरचे ५०,००० तुम्ही बांध्याचे, शरीराच्या ठेवणीचे देताय. बांध्याने गाय जास्त वेतं टिकते, म्हणून हिशेब वेताचाच करायचा. बाजारातली गाय आणखी तीन वेतं गेली, तर वेतामागे सुमारे ३६,७०० पडतात. प्रदर्शनातली चार वेतं गेली तरी ४०,००० पडतात. पाच गेली तरच ३२,००० वर येतात. म्हातारी गाय विकून फारसं काही हाती लागत नाही, म्हणून ते धरलं नाही.

आता तुमचेच आकडे घेऊ. सरासरी १५ लिटर, ३०० दिवस, ३४ रुपये दर, म्हणजे १,५३,०००. चारा-पेंड रोज २८० प्रमाणे ८४,०००, भाकड काळाचे ९० दिवस १४० प्रमाणे १२,६००, औषध-रेतन-विमा ९,०००. उरले ४७,४००. त्यातून गाईची किंमत वजा केली की बाजारातल्या गाईवर वेताला १०,७०० राहतात, तेही तुमची पहाटेची मेहनत न धरता. दर ३ रुपयांनी पडला की १३,५०० जातात. एवढ्या बारीक नफ्यात नंबराच्या मानाला जागा नाही.

पण बांध्याला मी कमी लेखत नाही. नंबर कशाचा मिळाला, एवढंच बघायचं. अमेरिकेतल्या दुधाळ गाईंच्या प्रदर्शनी गुणपत्रिकेत १०० पैकी ४० गुण एकट्या कासेला असतात, दुधाळ ठेवणीला २५, मागच्या पायांना नि खुरांना २०, चौकटीला १५. उंची आणि कातडीची चमक डोळ्यात भरते, पण गाय गोठ्यातून लवकर जाते ती बहुतेकदा कासेपायी, पायांपायी किंवा गाभण न राहिल्याने.

कासेचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या बराच वर हवा. दुसऱ्याच वेतात तिथवर उतरली असेल, तर पुढच्या वेतात ती शेणाचिखलाला लागेल आणि कासदाह, म्हणजे कासेची सूज, मागे लागेल. पुढून कास पोटाला घट्ट धरलेली, मागून मधली खाच ठळक, सड सरळ खाली आणि सारख्या अंतरावर. गाय नुसती उभी बघू नका, कोब्यावर चालवा. मागून पाय समांतर दिसले पाहिजेत, खुराची टाच बसकी नको. दुधाची शीर जाड आहे म्हणून कुणी भाव वाढवू लागला, तर धार काढूनच दाखवा म्हणावं.

विक्रीच्या वेळी कास भरलेली दिसावी म्हणून एखादी धार चुकवतात. म्हणून आदल्या संध्याकाळी समोर कास रिकामी करून घ्या, मग सकाळ-संध्याकाळ मोजा. धारेनंतर कास मऊ पडून सुरकुतली पाहिजे. टणकच राहिली तर ती मांसल कास, तिच्यावर पैसा लावू नका. चारही सडांची सीएमटी (दुधावरून कासदाह ओळखायची चाचणी) आणि ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या रोगाची रक्तचाचणी पशुवैद्यांकडून करून घ्या. विमा उतरवाल तेव्हा कानातला बिल्ला जपा, बिल्ल्याशिवाय दावा मिळत नाही.

तुमचा घरखर्च महिना २२,०००. गाय १,३५,००० ला मिळाली तर ६५,००० उरतात, म्हणजे जवळपास तीन महिने. १,६०,००० दिले तर दोन महिन्यांचाही खर्च उरत नाही, आणि भाऊजींची गाडी बंद पडली तर घर चालणार कशावर? खुराकासाठी किसान क्रेडिट कार्ड काढा. ते पशुपालनालाही मिळतं, आणि वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्के पडतं.

लोणीच्या गाईची कास आणि पाय कसे होते, हे तुमच्या पत्रात नाही. मालकाशी बोलण्याआधी ते पाहून या.