वाचकांचे प्रश्न : फ्रीफ्लायसाठी गुरू कोणता धरावा?

प्रश्न : मी इंदूरचा, वय २९, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. उज्जैनच्या स्कायडायव्हिंग महोत्सवात टँडम उडी (प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून मारलेली उडी) मारली आणि तेव्हापासून हे वेड लागले. गेल्या वर्षी परदेशात एएफएफ (एकट्याने उडी मारायला शिकवणारा) अभ्यासक्रम करून यूएसपीए या अमेरिकी पॅराशूट संघटनेचे 'ए' हे पहिले लायसन्स मिळवले. आजवर ३८ उड्या झाल्या आहेत. आता फ्रीफ्लाय (बसून, उभ्याने किंवा डोके खाली करून पडणे) शिकायचे आहे आणि समोर दोन पर्याय आहेत. स्पेनमधील एक शाळा 'दहा दिवसांत हेड-डाउन', म्हणजे डोके खाली करून पडणे, शिकवू असे सांगते. तेथील मुख्य प्रशिक्षक स्पर्धांतील पदकविजेते आहेत. दुसरे प्रशिक्षक दुबईत स्वतंत्रपणे शिकवतात. त्यांनी पैशांचे बोलण्याआधी माझ्या लॉगबुकाच्या पानांचे फोटो व अलीकडच्या उड्यांचे व्हिडिओ मागवले आणि 'आधी पाठीवर उडायला शिका' असे कळवले. मित्रांचा आग्रह पहिल्या शाळेसाठी आहे. आपले मत काय?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ज्या माणसाने पैशांच्या आधी लॉगबुक मागितले, त्याच्याकडे माझा कल आहे. त्याची कारणे मात्र आपण स्वतः तपासून घ्यावीत, कारण उद्या तिसरा पर्याय समोर आला तर ती उपयोगी पडतील.

ज्या वाचकांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. नेहमीच्या उडीत पोट खाली ठेवून आडवे पडायचे असते आणि वेग ताशी १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. फ्रीफ्लायमध्ये बसून, उभे राहून किंवा डोके खाली करून पडतात. हवेचा अडथळा कमी होतो आणि वेग २५० ते २९० किलोमीटरच्या घरात जातो. सुमारे ४,००० मीटरवरून पोटावर पडताना मिनिटभराचा वेळ हाती असतो, तो येथे पाऊण मिनिटावर येतो. पोटावर पडताना जमीन सतत डोळ्यांसमोर असते. बसून किंवा पाठीवर पडताना ती सहज दिसत नाही, त्यामुळे उंचीचे भान हीच पहिली परीक्षा ठरते आणि कानाशी वाजणारा अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, हेल्मेटमध्ये हवाच. तो वाजण्याची वाट पाहत राहण्याची सवय मात्र लागू देऊ नये.

खरा धोका वेगातल्या फरकाचा आहे. डोके खाली करून पडणाऱ्याचा तोल सुटला आणि तो पोटावर किंवा पाठीवर आला, की क्षणात त्याचा वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटरने उतरतो आणि जो कोणी त्याच्या वर असेल तो त्याच्यावर आदळू शकतो. पाण्यात दाबून धरलेले बूच सोडले की वर उसळते, तसा हा प्रकार दिसतो, म्हणून याला 'कॉर्क होणे' म्हणतात. त्यामुळे नवख्याला एकट्याने किंवा एकाच प्रशिक्षकाबरोबर शिकवावे, हा नियम जो पाळत नाही त्याच्याकडे जाऊ नये, मग त्याच्या गळ्यात कितीही पदके असोत.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे. नोकरीनिमित्त परदेशात असताना मी एका प्रशिक्षकाकडे सुरुवात केली. तिसऱ्याच दिवशी त्याने आम्हा दोन नवशिक्यांना एका उडीत घेतले. बरोबरीच्या मुलाचा बसण्याचा तोल सुटला आणि त्याचा बूट माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावरून वर निघून गेला. खाली आल्यावर प्रशिक्षक म्हणाला, असे व्हायचेच, आणि पुढच्या विमानात नाव घालायला गेला. मी त्या संध्याकाळी हिशेब मिटवला.

दुसऱ्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी विमानाकडे बघूही दिले नाही. पॅकिंगच्या चटईवर बसून त्याने माझी रिग, म्हणजे पाठीवरचा छत्र्यांचा संच, मांडीवर घेतली, पिनवरचे झाकण उघडले, कंटेनर (छत्र्या ठेवण्याची पिशवी) बंद ठेवणारा लूप अंगठ्याने दाबून पाहिला आणि तो सैल आहे म्हणून मला नवा, थोडा आखूड लूप घालायला लावला. मग पायलट शूटच्या (मुख्य छत्री ओढून काढणाऱ्या छोट्या छत्रीच्या) खिशाचे इलॅस्टिक ताणून पाहिले, तिला मुख्य छत्रीशी जोडणारी पट्टी, म्हणजे ब्रायडल, कुठे उघडी तर पडत नाही ना ते बोट फिरवून तपासले, आणि बसण्याच्या स्थितीत मांड्यांवरचे पट्टे गुडघ्यांकडे सरकू नयेत म्हणून दोन्ही पट्टे मागून इलॅस्टिकने जोडले. अर्धा तास गेला. सैल लूप किंवा उघडी ब्रायडल यांमुळे छत्री अवेळी उघडू शकते. पोटावर पडताना ती चुकून लवकर उघडली तर बहुधा झटक्यावर भागते. अडीचशेच्या पुढच्या वेगात तीच छत्री मान मोडू शकते. आपल्या दोन्ही पर्यायांना एवढेच विचारून पाहा की पहिल्या दिवशी रिग कोण तपासणार. उत्तर देताना कोण गडबडतो ते लगेच कळेल.

'कोच' या शब्दाने फसू नये. यूएसपीएचे कोच रेटिंग मिळवण्यासाठी 'बी' लायसन्स आणि किमान १०० उड्या लागतात, आणि ते मुळात नवशिक्यांना पोटावरच्या गट-उडीची प्राथमिक कौशल्ये शिकवण्यासाठी आहे. त्यावरून माणसाला फ्रीफ्लाय शिकवता येते असे सिद्ध होत नाही. ब्रिटनमध्ये फ्रीफ्लायच्या स्वतंत्र श्रेणी आहेत, त्यामुळे तेथे थोडा आधार मिळतो. इतरत्र आपणच विचारावे लागते. एकूण उड्या किती, हा प्रश्न दुय्यम आहे. फ्रीफ्लायच्या किती, त्यांपैकी शिकाऊंबरोबरच्या किती, आणि आपल्याइतक्या कच्च्या शिष्याला शेवटचे कधी शिकवले, हे विचारावे. पदकविजेता उत्तम शिक्षक असू शकतो, पण स्पर्धेतले त्याचे जोडीदार त्याच्याच तोडीचे असतात आणि आपण नसता.

दहा दिवसांत हेड-डाउन जमेल का? शिबिरात विंड टनेलचे (खालून जोराचा वारा सोडून माणसाला तरंगवणाऱ्या बंद नळकांड्यातील सरावाचे) तास धरलेले असतील आणि हवामानाने साथ दिली, तर थोडा वेळ डोके खाली ठेवून स्थिर राहणे जमू शकते. केवळ विमानातून उड्या मारून हे साधणार असे कोणी म्हणत असेल, तर पाऊण मिनिटाचा हिशेब मांडून पाहावा: दिवसाला पाच उड्या धरल्या तरी दहा दिवसांचे प्रत्यक्ष हवेतले काम चाळीस मिनिटांपेक्षा कमीच भरते, आणि त्यातली काही मिनिटे स्थिर होण्यात व दूर होण्यात जातात. पाठीवर, मग बसून, मग डोके खाली हा क्रम सर्वसाधारणपणे मानला जातो, कारण तोल सुटला की पाठ ही परतण्याची जागा असते. दुबईच्या प्रशिक्षकांनी तेच सांगितले आहे.

३८ उड्यांना फ्रीफ्लाय सुरू करणे लवकर आहे असे मी म्हणणार नाही. 'ए' लायसन्सनंतर सुरुवात करता येते. फक्त पोटावर पुढे-मागे, वर-खाली जाणे, ठरलेल्या उंचीवर एकमेकांपासून वेगळे होणे आणि सरळ रेषेत ट्रॅक करत, म्हणजे हवेत आडवे सरकत, दूर जाणे पक्के असावे. आणखी एक बारीक खूण सांगते. पहिल्या एकट्या उडीपूर्वी चांगला प्रशिक्षक विमान कोणत्या दिशेने जाणार हे आपल्याला जमिनीवर बोटाने दाखवून सांगायला लावतो. नवशिका बसून पडताना नकळत मागे किंवा पुढे सरकत असतो; तो विमानाच्या मार्गावरच सरकला तर आधी किंवा नंतर उतरलेल्या गटाच्या डोक्यावर पोचतो, म्हणून तोंड त्या रेषेला काटकोनात ठेवायचे असते. ही गोष्ट ज्याने काढलीच नाही, त्याच्याकडे दुसरी उडी मारू नये.

शाळेबाबत थोडक्यात. विमान किती उंचीवर नेते हे आधी पाहावे. १०,००० फुटांवरून बाहेर पडून ५,००० फुटांवर सराव थांबवायचा तर कामाचे सेकंद पंचवीसच्या आसपास उरतात. शुल्कात विमानातील प्रशिक्षकाच्या जागेचे भाडे, व्हिडिओ आणि पॅकिंग धरले आहे का, व वाऱ्याने बंद पडलेल्या दिवसाचे काय, हे लेखी घ्यावे. शक्य झाल्यास आधी दुसऱ्या कोणा शिष्याच्या उडीनंतरची चर्चा ऐकायला बसावे. चांगला प्रशिक्षक व्हिडिओ तीन-चारदा थांबवतो, प्रथम शिष्यालाच काय झाले ते विचारतो आणि पुढच्या उडीसाठी एकच दुरुस्ती देतो. सात दुरुस्त्या एकदम देणारा स्वतःचे ज्ञान दाखवत असतो.

आपल्याकडे सध्या बहुतेक कार्यक्रम टँडमवर चालतात, उज्जैनचा महोत्सवही त्यातलाच, त्यामुळे बाहेर जाण्याचा आपला विचार योग्य आहे. हरियाणात नारनौलला नागरी ड्रॉपझोन, म्हणजे उड्या मारण्याचे केंद्र, आहे. सराव टिकवण्यासाठी तेथे विचारणा करावी.

प्रश्न : विमानातून उड्या मारण्याआधी हैदराबादच्या विंड टनेलमध्ये फ्रीफ्लाय शिकून घेतले तर पैसे वाचतील का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : वाचतील, पण सगळे नाही. टनेलमधला एक तास म्हणजे पोटावरच्या साधारण साठ उड्यांच्या मुक्तपतनाएवढा वेळ, आणि समोर काच असल्याने आपण जागेवरून किती सरकतो ते तत्काळ दिसते. पाठीवर उडणे तेथेच शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उंचीचे भान, वेगळे होणे, छत्री उघडणे व उतरणे या गोष्टी मात्र तेथे नसतात. आरक्षणापूर्वी आपल्या वजनाला बसण्याच्या स्थितीसाठी पुरेसा वाऱ्याचा वेग तेथे देतात का आणि ती स्थिती शिकवणारा कोण आहे, हे विचारावे. एकदम अर्धा तास घेऊ नये. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांतही खांदे भरून येतात.

प्रश्न : माझ्या मुलाने फ्रीफ्लायसाठी परदेशी जाण्याचे ठरवले आहे. मला यातले काही कळत नाही. प्रशिक्षकाशी मी बोलले तर मुलाला अपमान वाटेल का?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : मुलाला समोर बसवून व्हिडिओ कॉल करावा, म्हणजे तसे वाटणार नाही. तीन गोष्टी विचाराव्यात. रिगवर एएडी, म्हणजे माणूस बेशुद्ध झाला तरी ठरावीक उंचीवर राखीव छत्री आपोआप उघडणारे उपकरण, आहे का आणि त्याची देखभाल मुदतीत आहे का. राखीव छत्री परवानाधारक रिगरने शेवटची कधी घडी केली. त्याची नोंद असलेले कार्ड रिगमध्येच असते आणि ते कॅमेऱ्यासमोर धरता येते. आणि मुलगा एखाद्या दिवशी थकलेला दिसला तर तुम्ही त्याला जमिनीवर ठेवाल का. याशिवाय त्याच्या आयुर्विमा आणि प्रवास विम्याच्या कागदांत साहसी खेळांबाबतचे कलम शोधून काढावे. बहुतेक साध्या पॉलिसींत स्कायडायव्हिंग वगळलेले असते आणि वेगळे संरक्षण निघण्यापूर्वीच घ्यावे लागते.