४४ तास गेले कुठे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, तक्ताही मिळाला. खरं सांगायचं तर तक्ता आधी बघितला. आठवड्याचे १६८ तास, चार रंग, एकेका तासाला ठरलेली जागा. झोप ४९, नोकरी ४५, जाणं-येणं १०, अंघोळ-जेवण वगैरे १४, कोर्सचा अभ्यास ६. बेरीज १२४, शिल्लक ४४. आणि त्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘हे ४४ तास मला आजवर दिसलेले नाहीत.’ वाचून हसू आलं. तुझ्या वयात माझेही असेच तास गहाळ होत होते. फरक इतकाच, की मी कधी बेरीज करून बघितली नव्हती.

शनिवारचा दुसरा कोर्स घेऊ का, असं तू विचारलं आहेस, त्याकडे शेवटी येतो. आधी हे ४४ तास शोधू.

तुझ्या तक्त्यात ढीग दोनच आहेत, एक बांधलेला आणि एक मोकळा. बहुतेक सगळे असंच मोजतात आणि तिथेच फसतात. माणसं आपला वेळ कशात घालवतात याचा अभ्यास करणारे दागफिन ओस नावाचे नॉर्वेचे एक अभ्यासक होते. १९७८ मध्ये त्यांनी वेळेचे चार वाटे मांडले. पहिला देहाचा. झोप, खाणं, स्वच्छता. दुसरा कराराचा, म्हणजे नोकरी किंवा शिक्षण, जिथे आपण आपले तास कबूल केलेले असतात. तिसरा अंगावर घेतलेल्या गोष्टींचा, म्हणजे घर, मुलंबाळं, आपल्या भरवशावर असलेली माणसं. या तिघांचं भागल्यावर उरतो तो चौथा, मोकळा. तुझ्या तक्त्यात पहिला आहे, दुसरा आहे, चौथा आहे. तिसऱ्याचा पत्ताच नाही.

हा तिसरा वाटा मोठा लबाड. नोकरीला हजेरी असते, याला नसते. नळ गळतो, बँकेत कागद अडतो, मित्राला घर बदलायला हात लागतात, कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं. यातलं एकही ‘काम’ म्हणून लिहावंसं वाटत नाही आणि एकही टाळता येत नाही. बरं, यातलं बरंचसं आपणच कधीतरी ‘हो’ म्हटल्यामुळे आलेलं असतं. कुत्रं आणायचं ठरवायला एक संध्याकाळ पुरते. त्याला फिरवायला पुढची बारा वर्षं रोज सकाळी उठावं लागतं. त्या सकाळी तू तक्त्यात ‘मोकळा’ म्हणून दाखवल्यास तर त्या सापडणार कशा?

आता एक खोचक प्रश्न. तुझे कपडे कोण धुतं? स्वयंपाक, भांडी, झाडलोट? १६८ तासांत यातल्या एकाही गोष्टीला पाच मिनिटंसुद्धा नाहीत. याचा अर्थ ही कामं होत नाहीत असा नाही. ती दुसऱ्या कुणाच्या तरी तक्त्यात आहेत.

मी हे चिडून लिहीत नाहीये, कारण या बाबतीत माझी पाटी अजिबात कोरी नाही. पंचवीस-एक वर्षांपूर्वी मी एक आठवडाभर दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली होती. उत्साहाच्या भरात तशीच एक वही बायकोलाही दिली. तिसऱ्या दिवशी तिनं ती परत केली. म्हणाली, ‘अर्ध्या तासाला एकच ओळ ठेवलीयस. मी तेवढ्यात तीन कामं करते. कुठलं लिहू?’ मला तेव्हा वाटलं, ही टाळतेय. पुढे कळलं, की वेळेच्या वापराची सर्वेक्षणं करणाऱ्यांना हीच अडचण कधीपासून ठाऊक आहे, म्हणून ते मुख्य काम आणि त्याच्या जोडीनं चाललेलं काम वेगवेगळं विचारतात. एकच ओळ ठेवली की मुलावर लक्ष ठेवणं, दुखणाईताच्या हाकेला ओ देणं, असली कामं कागदावरून पुसली जातात. माझ्या वहीत त्या आठवड्यात रोज संध्याकाळी दोन तास ‘वाचन’ असं लिहिलेलं होतं. तिची वही कोरी होती. माझे ते दोन तास कुठून येत होते, हे समजायला मला वही पुरली नाही, वय वाढावं लागलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगभराची सरासरी दिली आहे. घरातलं आणि माणसांच्या देखभालीचं बिनपगारी काम बायका दिवसाला ४ तास २५ मिनिटं करतात, पुरुष १ तास २३ मिनिटं. रोजचा फरक तीन तासांचा. सातानं गुण आणि तुझ्या ४४ शी ताडून बघ.

याच चष्म्यातून जुनी घोषणाही बघण्यासारखी आहे. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती. रॉबर्ट ओवेन या ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारकानं १८१७ च्या सुमारास ती मांडली. १८५६ मध्ये मेलबर्नच्या पाथरवटांनी काम थांबवून, मोर्चा काढून आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम तर विश्रांती आणि फुरसत हा हक्कच मानतं. रविवारी दुपारी लोळत पडल्याबद्दल तुला अपराधी वाटतं असं तू लिहिलंस, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या लोळण्यासाठी माणसांनी पगार बुडवलेत, मार खाल्लाय. पण त्या घोषणेची बेरीज नीट बघ. आठ त्रिक चोवीस. स्वयंपाकाला जागा कुठे आहे? ती बेरीज जमायची, कारण घरी कुणीतरी होतं.

तर पहिली गोष्ट. तुझ्या वाट्याचं घरकाम स्वतः करायला लाग. त्यानं तुझा मोकळा वेळ वाढणार नाही, चांगला सहा-सात तासांनी कमी होईल. पण मग जो उरेल तो तुझा असेल.

दुसरी गोष्ट, वही. तक्ता फाडून टाक म्हणत नाही, पण तो अंदाजानं भरलेला आहे आणि वेळेच्या बाबतीत अंदाजावर विश्वास ठेवू नये. ‘आठवड्याला किती तास काम करता?’ असं नुसतं विचारलं तर लोक एक आकडा सांगतात आणि त्यांचीच रोजनिशी दुसराच दाखवते. मोठमोठे आकडे सांगणारे तर सगळ्यात जास्त फुगवतात. ते खोटं बोलत नसतात. दमल्याची आठवण राहते, मधल्या गप्पांची राहत नाही. म्हणून १९६५ च्या सुमारास अलेक्झांडर सालाई या हंगेरीच्या समाजशास्त्रज्ञांच्या पुढाकारानं १२ देशांत वेळेची मोठी पाहणी झाली, तेव्हा लोकांकडून चोवीस तासांची रोजनिशीच भरून घेतली होती.

तूही सात दिवस तेच कर. अर्ध्या अर्ध्या तासाला दोन शब्द. ॲप नको, खिशात मावेल अशी वही घे. नोंद करायला फोन उचललास की ती नोंद सोडून वीस मिनिटं भलतंच बघत बसशील, आणि तेही मग लिहावं लागेल. वागण्यात सुधारणा करायची नाही. त्या आठवड्यात शहाणं व्हायचा मोह होतो, मला झाला होता. मी पहिल्या दिवशी पहाटे उठून फिरायलासुद्धा गेलो होतो. एक रकाना मात्र जास्तीचा ठेव. त्या अर्ध्या तासात कुणी हाक मारली असती तर तुला उठावं लागलं असतं का? फक्त हो किंवा नाही.

हा रकाना का, ते सांगतो. सगळ्या पत्रात मला सांगायचंय ते हेच आहे.

तुझे ४४ तास बहुतेक हरवलेले नाहीत, ते मोडून सुट्टे झालेत. खिशात अख्खी नोट असली की आपल्याला तिची जाणीव असते, ती आपण जपून वापरतो. तीच मोडून चिल्लर झाली की कुठे गेली ते कळत नाही. बस यायची आहे, दहा मिनिटं. मीटिंग उशिरा सुरू होणार, वीस मिनिटं. झोपण्यापूर्वी पाऊण तास, पण डोकं चालत नाही. बेरजेत हा सगळा मोकळा वेळच. त्यातून पोहायला जाता येत नाही, पेटी वाजवायला बसता येत नाही, मित्राशी मनातलं बोलता येत नाही. चिल्लर वेळात जे मावतं तेच आपण करतो आणि चिल्लर वेळात मावण्यासाठीच बनवलेली वस्तू आपल्या प्रत्येकाच्या खिशात असते. तिला शिव्या घालायचा मला कंटाळा आलाय. ती सुट्टे गोळा करते, पण नोट मोडतो आपण.

आणि काही वेळा आपली नोट दुसराच मोडतो. इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या हाताखाली माणसं काम करत होती तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी फोन करायचो. ‘पाचच मिनिटं घेतो हं तुझी.’ आणि खरोखर पाच मिनिटांतच ठेवायचो, मला त्याचा अभिमान होता. तुलाही दोन-तीनदा केलाय, आठवत असेल. निवृत्तीच्या दिवशी एका सहकाऱ्यानं हसत हसत सांगितलं, ‘साहेब, तुमचा फोन पाच मिनिटांचा असायचा, पण येईल येईल म्हणून मी सकाळपासून घरातच बसायचो.’ त्याचा अख्खा रविवार माझ्या हाकेच्या टप्प्यात होता, आणि माझ्या हिशोबात पाच मिनिटं. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून सुटं राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काबद्दल त्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. बातमी वाचली तेव्हा मला त्या सहकाऱ्याचा चेहरा आठवला.

म्हणून वहीत ‘नाही’ लिहिलेले सलग तास मोज, एवढंच मोज. सलग दोन तास, ज्यात कुणाच्या हाकेला उठावं लागलं नसतं, असे आठवड्यात किती निघतात? माझ्या वहीत ते वाचनाचेच निघाले, आणि ते कुणाच्या जिवावर होते ते वर लिहिलंच आहे. तुझे आधी कमीच निघतील. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक तुकडा तीन तासांचा कर, वार आणि वेळ ठरव, आणि घरच्यांना आणि ऑफिसला आधीच सांगून टाक. अचानक नाही म्हटलं की लोकांना राग येतो. आधी सांगितलं की त्यांना सवय होते. त्या तीन तासांत काय करायचं ते मला विचारू नकोस. फक्त प्रगती करू नकोस. पुढे उपयोगी पडेल म्हणून जे करशील ते दुसऱ्या वाट्यात जमा कर, तो कराराचा वेळ झाला, मग करार स्वतःशी का असेना.

तुमच्या विभागप्रमुखांबद्दल तू कौतुकानं लिहिलंस, की ते आठवड्याला ६० तास काम करतात आणि कधी दमलेले दिसत नाहीत. मला ते गृहस्थ माहीत नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये जे मांडलं ते माहीत आहे. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारानं मृत्यू येण्याचा १७ टक्के जास्त. दिसण्यावरून यातलं काही कळत नाही. मी फक्त एवढंच विचारेन, की त्यांचे कपडे कोण धुतं.

केन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९३० मध्ये लिहिलं होतं, की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल आणि खरी पंचाईत उरलेल्या वेळेचं काय करायचं ही असेल. ती शंभर वर्षं भरत आली. १५ तासांचं काही जमलं नाही. पंचाईतीचं मात्र तो बरोबर बोलला असावा. कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य ४४ तासांचं नव्हतं. ‘मागच्या महिन्यात एक अख्खी सुट्टी मिळाली आणि मला करमलं नाही,’ हे होतं.

करमायला वेळ लागतो. पहिले दोन-चार आठवडे ते तीन तास तुला नकोसे होतील. तू घड्याळ बघशील, कपाट आवरायला घेशील. घे. कंटाळा आला तर येऊ दे.

आता कोर्स. शनिवारी सहा तास, सहा महिने. माझं मत विचारशील तर आत्ता नको. सहा तास तुझ्याकडे नाहीत असं नाही. ते कुठल्या वाट्यातून निघणार हे आज तुलाही माहीत नाही आणि मलाही. आधी वही भर. त्यात घरकामाची तुझी नवी पाळीही येऊ दे. त्यानंतरही शनिवार सलग रिकामा दिसला आणि मन तिकडेच ओढलं, तर खुशाल नाव घाल. पुढची तुकडी असतेच. नसली तर दुसरा कोर्स असेल.

वही मला दाखवू नकोस, तिचे फोटोही नकोत. फोन कर, वाटेल तेव्हा. बुधवारी दुपारी चार ते सात मात्र नको, तेव्हा मी उचलत नाही.

तुझा,
(आता सुट्टीच्या दिवशी कुणालाही फोन न करणारा) जुना साहेब