सातपुड्याच्या पायथ्याला रिसॉर्ट येतंय. गावाने प्रस्ताव कसा तपासावा?

तुमचा प्रश्न असा: जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी तीस एकरांवर रिसॉर्टचा प्रस्ताव आलाय आणि ग्रामसभेत तो विषय आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात असा प्रकल्प नियोजनाच्या उद्दिष्टांशी ताडून बघतात असं तुम्ही वाचलंत. आपल्याकडे तसं काही आहे का?

आहे. नगररचना खात्यात रचना सहायक म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ओरेगॉनमध्ये १९७३ च्या कायद्यातून राज्यभरासाठी उद्दिष्टं ठरली. आज ती १९ आहेत. मोठ्या रिसॉर्टला किमान १६० एकर जागा लागते, त्यातली निम्मी कायमची मोकळी ठेवायची, आणि मोलाच्या पिकांच्या पट्ट्यापासून ३ मैलांच्या आत यायचं नाही. मेटोलियस नदीच्या खोऱ्यात मोठी रिसॉर्टं येऊ घातली, तेव्हा २००९ मध्ये विधिमंडळाने ते खोरंच त्यांना बंद केलं. हा ३ मैलांचा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रावेर-यावलच्या केळीच्या बागाच आल्या.

आपल्याकडे उद्दिष्टांची अशी क्रमवार यादी नाही. पण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चं कलम १४ काढून वाचा. प्रादेशिक योजनेत, म्हणजे अख्ख्या प्रदेशाच्या जमीनवापराच्या सरकारी आराखड्यात, काय काय असावं ते तिथे दिलंय: जमिनीच्या वापराची वाटणी, वनं, वन्यजीव आणि नैसर्गिक साधनांचं जतन, जमिनीची धूप रोखणं, नद्यांची सुधारणा, पाणीपुरवठा. हीच आपली उद्दिष्टं. गावकरी फक्त झोन दाखला, म्हणजे जमीन योजनेत कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा कागद, बघतात आणि तिथेच फसतात. शेती विभागातही अटींवर पर्यटनाच्या वापराला वाव असतो, म्हणून ‘नियमात बसतं’ असं उत्तर सहज येतं. योजनेच्या हेतूत बसतं का, हा प्रश्न वेगळा. तो कोणी विचारला नाही तर फाइलवर येतच नाही.

एका प्रस्तावाच्या पाहणीला मी मे महिन्यात गेलो होतो. आराखड्यात मधोमध निळा गोल होता, ‘शोभेचा तलाव’. गावनकाशा उघडला तर त्याच जागी दोन रेघांचा नाला. प्रत्यक्षात तिथे कोरडं पात्र होतं, नारळाएवढे गोल गोटे आणि मध्ये पळसाची झुडपं. सोबतच्या शेतकऱ्याने एक गोटा उचलून खालची रेती दाखवली. म्हणाला, “साहेब, पावसाळ्यात डोंगराचं पाणी इथवर येतं अन् इथंच गडप होतं. खाली माझ्या विहिरीत निघतं.” भूजलाचे लोक या पट्ट्याला बाजाडा म्हणतात. सातपुड्यातून उतरणारे नाले गोट्यांच्या या पट्ट्यात जिरतात आणि खालच्या गाळाच्या जमिनीतल्या विहिरी-बोअर भरतात. केळीची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळा सरतानाची), ती या पाण्यावर उभी असते. या तालुक्यांत भूजल किती खोल गेलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा जागी फरशी, डांबरी रस्ते आणि बांधीव तलाव आले की खालच्या शिवारातलं भूजल भरण्याची वाटच बुजते. माझ्या मते तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे, आणि खोल्या किती यापेक्षा बांधकाम नेमकं कुठे येतंय याला महत्त्व आहे.

नंतर पाण्याचा हिशेब मागा. हॉटेलसाठी खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर. शंभर खाटा म्हणजे रोज १८ हजार लिटर, सव्वातीनशे गावकऱ्यांचं पाणी. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल पोहण्याचा तलाव एकदा भरायला ३ लाख लिटर. बोअर घेणार असतील तर गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून किती अंतरावर, हे लेखी घ्या. सांडपाणी कुठे सोडणार तेही. गोट्यांच्या जमिनीत शोषखड्डा म्हणजे ते पाणी थेट खालच्या विहिरीत.

बाकीचं भरभर सांगतो. जमीन तडवी, पावरा किंवा दुसऱ्या आदिवासी कुटुंबाची असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, भाडेपट्ट्यानेसुद्धा. जुने फेरफार काढून बघा. यावल अभयारण्य १९६९ पासूनचं आहे. त्याच्या हद्दीपासूनचं अंतर वनखात्याकडून लेखी मागवा, प्रवर्तकाच्या, म्हणजे रिसॉर्ट उभारणाऱ्याच्या, नकाशावरून ठरवू नका. एकास पाचपेक्षा (पाच मीटर अंतरात एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधकाम दाखवलंय का बघा. एकूण बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तुकडे पाडून ते कमी दाखवलेलं नाही ना, हे सगळे टप्पे एकत्र मांडून तपासा. झोन बदलाचा प्रस्ताव असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम २० खाली जाहीर नोटीस निघते आणि हरकती मागवतात. ती मुदत चुकवू नका.

रोजगाराचं म्हणाल तर तो मुद्दा खोटा नाही. गावातली पोरं पुण्याला, सुरतेला जातात हे मीही बघतो. म्हणून सरसकट नकार लिहू नका. गोट्यांचा पट्टा आणि नाले सोडून, मुरमाड उंचवट्यावर, कमी खोल्यांचं काही बसत असेल तर ठरावात तसं लिहा. पण ठरावात ‘गावाचा विरोध आहे’ एवढंच लिहिलं तर त्याला कार्यालयात वजन नसतं. गट नंबर, नाल्याची जागा, कोणत्या विहिरी खाली आहेत, कलम १४ मधल्या कोणत्या बाबीला बाध येतो, असं मुद्देसूद लिहा आणि गावनकाशाची प्रत जोडा.

आणि खालच्या अंगाच्या दहा-बारा विहिरींची पाणीपातळी याच उन्हाळ्यात दोरी सोडून मोजा, तारीख घालून, विहीरमालकाच्या सहीनिशी. पाऊस पडला की पातळी चढते, आणि मग कागदावर पाणी भरपूर दिसतं.