अजून किती दिवस फुकट राबायचं?

अमेरिकेत किनिसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) किंवा एक्सरसाइज सायन्समध्ये मास्टर्स करणारी मराठी मुलं आणि त्यांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे एकच काळजी घेऊन येतात: कॉलेजच्या संघांचा स्ट्रेंथ कोच, म्हणजे खेळाडूंची ताकद वाढवणारा प्रशिक्षक व्हायचं, तर बिनपगारी किती राबायचं?

त्यांतलाच एक. तपशील बदलले आहेत. बी.पी.एड. करून, शैक्षणिक कर्ज काढून गेलेला. रोज पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या वेटरूममध्ये हजर. आता दुसऱ्या विद्यापीठाकडून आणखी एक बिनपगारी इंटर्नशिप चालून आली होती.

"घेऊ का, मॅडम? अजून सहा महिने काढले की कुणीतरी घेईलच."

"सध्या काय करतोस?"

"रॅक लावतो, फरशी पुसतो, शेक बनवतो."

"एखाद्या संघाचा वॉर्म-अप तू एकट्याने घेतलास?"

"नाही."

"मग तुझे कोच तुझी शिफारस काय म्हणून करतील?"

बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "वेळेवर येतो, एवढंच."

मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते. तिच्यात परिस्थितीआधी माणसाचं गृहीतक तपासतात. 'मी इतकं सोसलंय, म्हणजे मला मिळालंच पाहिजे' हे याचं गृहीतक. ते मी खोडून काढत बसले नाही. योग्य प्रश्न पडला की मुलं ते स्वतःच मोडतात, आणि त्याने ते त्याच सत्रात मोडलं. चार महिन्यांची धुसफूस त्या एका उत्तराने निवली.

पुढचा भाग व्यवहाराचा. इंटर्नशिप घेण्याआधी विचारा: कितव्या आठवड्यात गट हाताळायला मिळेल, कोणत्या खेळाचा, शिफारसपत्र कोण देणार? उत्तर गुळमुळीत असेल तर घेऊ नका. डिव्हिजन वन, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या गटात मान्यताप्राप्त प्रमाणपत्र लागतंच. एनएससीए या स्ट्रेंथ कोचच्या संघटनेच्या सीएससीएस प्रमाणपत्र परीक्षेचे दोन भाग असतात, शास्त्रीय आणि प्रात्यक्षिक. एक हुकला तर तेवढाच पुन्हा देता येतो. सीएससीसीए या कॉलेज स्ट्रेंथ कोचच्या संघटनेच्या एससीसीसी प्रमाणपत्राला 640 तासांचं प्रशिक्षण लागतं. आठवड्याला 20 तास धरले तर 32 आठवडे, म्हणजे मास्टर्सच्या पहिल्या सत्रातच सुरुवात हवी. दुसऱ्या विद्यापीठात काम बिनपगारी असलं तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून सीपीटीची (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची) मंजुरी आधी घ्या. शिक्षणानंतरची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याची परवानगी, 12 महिन्यांची असते आणि त्यात बेरोजगारीचे एकूण 90 दिवसच चालतात.

आपल्याकडची मुलं उलट क्रमाने जातात, ही माझी खरी तक्रार. तिथली मुलं बहुधा आधी इंटर्नशिप करतात, मग ग्रॅज्युएट असिस्टंटची (शिकता शिकता विद्यापीठातच काम करण्याची) जागा मिळवून त्या जोरावर मास्टर्स करतात. बऱ्याच जागांवर फीमाफी आणि थोडा भत्ता मिळतो. आपण कर्ज काढून प्रवेश घेतो आणि मग जागा शोधतो. अजून निघाला नसाल तर इथल्याच एखाद्या अकादमीत गट हाताळा आणि प्रवेशअर्जासोबतच असिस्टंटच्या जागेसाठीही अर्ज करा.

या मुलाने दुसरी ऑफर नाकारली. आहे तिथेच कोचकडे महिला व्हॉलीबॉल संघाचा वॉर्म-अप मागितला, तो मिळाला.

त्याच्या आईचा प्रश्न राहिला होता: "नोकरी टिकेल का?" अमेरिकन फुटबॉलचा मुख्य कोच बदलला की स्ट्रेंथचा माणूसही बऱ्याचदा बदलतो, हे मी लपवलं नाही. व्हॉलीबॉल, जलतरण, ॲथलेटिक्स अशा खेळांकडे एवढी उलथापालथ नसते. तिथे पगार कमी असतो, हेही सांगितलं.