आयर्लंडच्या खेड्यांत पूर्वी दारोदार येणारे फिरस्ते म्हणजे जिप्सीच ना? लोक त्यांना घरात घेत का?

जिप्सी नाहीत हो! गॉलवेजवळच्या वृद्धाश्रमात मी नर्स आहे, हा घोळ रोज ऐकते. आयरिश ट्रॅव्हलर म्हणजे इथला भटका समाज, मूळचा आयरिशच. 2017 च्या जनुकीय अभ्यासातही तेच निघालं. पूर्वी त्यांना 'टिंकर', म्हणजे पत्र्याची भांडी सांधणारे, म्हणत. आता ती शिवी आहे, वापरू नका.

आमच्या वृद्धाश्रमात मेयो परगण्यातल्या एक आजी होत्या, नव्वदीच्या. त्यांच्या कपाटात पत्र्याचा जुना डबा होता. साफसफाईत एकीने तो कचऱ्यात टाकला आणि आजींनी जेवण सोडलं. मी तो शोधून आणला, उलटा करून बुड पाहिलं. डाख इतका सफाईदार, की मला आमचे आजोबा आठवले. ते भाता घेऊन गावोगाव कल्हई लावत फिरायचे. हे सांगितल्यावर आजी खुलल्या, ट्रॅव्हलरांबद्दल सांगू लागल्या. बाप्ये रस्त्याकडेला बसून पत्रा कापायचे, गळकी भांडी सांधायचे. बायका डबे, सुया, नाड्या, देवाच्या तसबिरी घेऊन, खालचाच अर्धा भाग लावलेल्या दारापाशी यायच्या. बदल्यात पीठ, चहा, बटाटे, जुने कपडे. घरात घेत का? आजींची आई चुलीपाशी बसवून चहा द्यायची, आणि त्या गेल्यावर कोंबड्या मोजायची. दोन्ही खरं. कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं, तेही त्यांच्याच तोंडून कळायचं. पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि पत्र्याचं काम बसलं.

अर्थात ही एका घराची गोष्ट. शिवाय सगळे फेरीवाले ट्रॅव्हलर नव्हते. लिथुआनियातून आलेले ज्यू फेरीवालेही आठवड्याच्या हप्त्याने माल द्यायचे. लिमरिकमध्ये 1904 साली एका पाद्र्याच्या प्रवचनानंतर त्यांच्यावर बहिष्कार पडला. जास्त वाचायचं तर 1937 ते 1939 मध्ये शाळकरी पोरांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेल्या वह्या 'डूखस' (duchas.ie) साइटवर फुकट आहेत.

तुम्हीही आपल्या म्हाताऱ्यांना विचारून ठेवा. आमच्याकडे चुलतभाऊ म्हणतो, "कल्हईवाला सांगू नकोस, भांड्यांचा व्यापार होता म्हण." कशाला म्हणू? इथे मार्च 2017 मध्ये पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता दिली, आणि आम्ही पत्रिकेवर 'व्यापारी' छापतो. दादा, वाचत असशील तर माळ्यावरचा भाता भंगारात घालू नकोस. डिसेंबरात येतेय मी न्यायला.